मैदान २०० किलोमीटर लांब असताना पटिंग कसं सुधारायचं

गोल्फमध्ये टाळ्या लांब फटक्याला मिळतात, पण स्कोअरकार्डाचा हिशेब वेगळा असतो. ७२ पारचा, म्हणजे चांगल्या खेळाडूने ७२ फटक्यांत संपवावा असा कोर्स आखतानाच असं धरलेलं असतं की प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दोन पट (बॉल होलकडे घरंगळवणारे फटके) लागतील. १८ होलचे ३६ पट, म्हणजे बरोबर निम्मे फटके. हे निम्मे फटके खेळायला ताकद लागत नाही, वय आड येत नाही आणि सराव करायला मैदानही लागत नाही.

मैदानाचा मुद्दा आपल्यासाठी मोठा आहे. मराठवाड्यात बहुतेकांच्या घराजवळ गोल्फ कोर्स नाही. संभाजीनगर, जालना, बीडची माणसं पुण्याकडे जातात, येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स किंवा बावधनच्या पलीकडचं ऑक्सफर्ड. नांदेड, लातूरकडच्यांना गोवळकोंड्याजवळचा हैदराबाद गोल्फ क्लब सोयीचा. कुठूनही निघालात तरी एका बाजूचे २०० किलोमीटर सहज ओलांडतात. कंपनीतल्या साहेबांमुळे म्हणा, पुण्यातल्या भावामुळे म्हणा, खेळाची गोडी लागली आणि महिन्यातून एखादी फेरी जमते, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरणं उजव्या हाताने खेळणाऱ्याची आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी मांडणी तिच्यावर उभी आहे. पटमध्ये दोनच गोष्टी चुकतात: दिशा आणि वेग. दिशा घरातल्या फरशीवर शंभर टक्के शिकता येते. वेग घरात शिकता येत नाही, कारण तुमच्या हॉलमधलं कारपेट आणि तिथलं गवत यांचा काही संबंध नाही. म्हणून घरी फक्त दिशा घोटायची आणि मैदानावर मिळालेला वेळ वेगावर घालवायचा. बरेच जण नेमकं उलट करतात. घरी वाटीत बॉल पाडण्याचा खेळ चालतो आणि पुण्याला गेल्यावर पटरचा (पट मारायच्या काठीचा) फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, सरळ आहे का हे तपासत बसतात.

लागणारं सामान

- पटर, आणि एकाच कंपनीचे एकाच प्रकारचे तीन बॉल
- मीटर टेप, खडू, मार्कर पेन
- चार जुने पेन्सिल सेल
- दाढीचा छोटा आरसा
- ओळंबा (नसला तर दोरीला बांधलेला मोठा नटही चालतो)
- सरकत्या खिडकीच्या अॅल्युमिनियम चॅनेलचा तीन फुटांचा तुकडा. फॅब्रिकेशनवाल्याकडे भंगारात मिळतो
- मंडपवाल्याकडचं हिरवं कारपेट, दोन फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब

बॉल आपोआप परत पाठवणारी पटिंग मॅट घेऊ नका. तिच्या शेवटी चढ असतो आणि बॉल तो चढ चढून भोकात पडावा म्हणून तुम्ही नकळत जोरात मारायला शिकता. खऱ्या ग्रीनवर तोच बॉल होलच्या चार फूट पुढे जातो. लेझर, ब्लूटूथचे सेन्सर वगैरे पहिल्या वर्षी तरी नकोत.

१. पटर मापाचा आहे का ते बघा

दुकानात मिळणारे बहुतेक पटर ३४ किंवा ३५ इंचांचे असतात. पाच फूट चार-पाच इंच उंचीच्या माणसाला ते लांब पडतात. नेहमीसारखे वाका, हात खांद्यांखाली सैल लोंबू द्या आणि पटर जमिनीवर टेकवा. पटरच्या डोक्याच्या पुढच्या टोकाखाली रुपयाचं नाणं आरामात सरकत असेल, तर दांडा तुमच्यासाठी लांब आहे. लगेच कापायला जाऊ नका. आधी एक-दोन इंच खाली धरून महिनाभर खेळा. दांडा कापला की डोकं हलकं लागायला लागतं आणि मग वजनाच्या पट्ट्या चिकटवण्याचा उद्योग सुरू होतो.

ब्लेड (अरुंद डोक्याचा पटर) घ्यावा की मॅलेट (मोठ्या डोक्याचा), यावर लोक तासन्‌तास बोलतात. दांडा बोटावर आडवा तोलून बघा. फेस आकाशाकडे राहिला तर तो सरळ मागे-पुढे हलवणाऱ्यांना सोयीचा, टोक खाली लोंबलं तर किंचित कमानीत हलवणाऱ्यांना. नवख्याने यापलीकडे डोकं लावू नये. जुना पटर घेत असाल तर ग्रिप मात्र दाबून बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या पटरचं रबर कडक आणि गुळगुळीत झालेलं असतं. अशी ग्रिप आपोआप घट्ट धरली जाते, आणि घट्ट पकडीने पट होत नाही. ग्रिप बदलून घ्या, पटर तोच राहू द्या.

२. कारपेटची पट्टी अंथरा आणि तिचा उतार मोजा

उघड्या शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर बॉल थांबतच नाही, म्हणून वरून कारपेट हवं. सतरंजीला सुरकुत्या पडतात, ती नको. कारपेट गुंडाळून ठेवलेलं असेल तर आदल्या रात्री उलट बाजूने गुंडाळून ठेवा, कडा वर येत नाहीत.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम. आपल्या जुन्या घरांत ओसरीचा आणि मधल्या खोलीचा उतार मोरीकडे किंवा अंगणाकडे काढलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, बॉलला मात्र कळतो. नवखा माणूस महिनाभर ‘माझा बॉल डावीकडेच का जातो’ म्हणून पकड बदलत राहतो आणि दोष असतो गवंड्याचा. चॅनेल इथे कामाला येते. तिच्या खालच्या टोकापासून ७५ सेंटिमीटरवर खूण करा. ती खूण जमिनीपासून २६ सेंटिमीटर उंच येईल अशी पुस्तकांची चळत लावा. खुणेवर बॉल ठेवा, ढकलू नका, नुसता सोडा. बॉल कुठे थांबतो आणि कोणत्या बाजूला वळतो ते पाहा. मग पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून तेच करा. एका दिशेने डावीकडे आणि उलट दिशेने उजवीकडे वळला, तर जमीन कललेली आहे. पट्टी फिरवून किंवा जागा बदलून सरळ ओळ सापडेपर्यंत हे करा. बहुतेक घरांत अशी एक तरी ओळ सापडते, बऱ्याचदा कॉटच्या बाजूला.

ही चॅनेल म्हणजे स्टिम्पमीटरचा घरगुती भाऊ. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन खेळाडूने १९३५ साली ग्रीनचा वेग मोजायला ते साधन काढलं. ३६ इंचांची पट्टी, खालच्या टोकापासून ३० इंचांवर खाच, आणि पट्टी साधारण २० अंशांपर्यंत उचलली की बॉल आपोआप सुटतो. तो जितके फूट घरंगळेल तितका त्या ग्रीनचा वेग. दोन्ही दिशांची सरासरी घेतात. साध्या क्लबच्या ग्रीनवर हा आकडा ८ ते १० च्या आसपास असतो. तुमची कारपेटची पट्टी लांबीला कमी पडली तर चॅनेल तशीच ठेवून बॉल अर्ध्या अंतरावरून, म्हणजे साडेसदतीस सेंटिमीटरवरून सोडा आणि आलेली लांबी दुप्पट करा.

वावरात जागा असेल तर आणखी एक सोय होते. पाणी कमी असलेल्या भागांतल्या जुन्या कोर्सवर, विशेषतः लष्करी मैदानांवर, गवताच्या ग्रीनऐवजी वाळूत तेल कालवून केलेले ‘ब्राउन’ असायचे. तसा छोटा तुकडा घरीही होतो. फक्त काळ्या मातीवर करू नका, एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात. मुरूम पसरून पाणी मारा, रोलर फिरवा, वर बारीक वाळूचा हात द्या आणि खेळण्याआधी गोणपाट ओढून सारखं करा. पावसाळ्यात तो जातोच, दिवाळीनंतर पुन्हा करावा लागतो.

३. उभं राहणं

पाय खांद्याएवढे, वजन दोन्ही पायांवर सारखं. बॉल छातीच्या मध्यापासून किंचित डावीकडे. कारण पटरच्या फेसला तीन-चार अंशांचा कल असतो. गवतात किंचित बसलेला बॉल त्याने अलगद वर येतो आणि लगेच घरंगळायला लागतो. बॉल फार मागे ठेवलात तर तो दाबला जाऊन उडी मारतो.

डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा बोटभर आत, पायांच्या बाजूला. ओळंब्याची दोरी नाकाच्या वरच्या हाडापाशी धरा आणि लंब कुठे टेकतो ते बघा. बॉलच्या पलीकडे टेकला तर तुम्ही फार वाकलेले आहात. रोज ओळंबा धरायचा कंटाळा येतो, म्हणून बॉलखाली आरसा ठेवा. खाली पाहिल्यावर बॉलच्या आड स्वतःचे डोळे दिसले पाहिजेत. खांद्यांची ओळ आणि पायांची ओळ टाइलच्या सांध्याला समांतर ठेवा. शहरातल्या फ्लॅटमध्ये दोन फुटी टाइल्सचे सांधे तयारच मिळतात, कारपेटच्या कडेने ते दिसत राहतील असं अंथरा.

४. पकड: क्रिकेटचा हात सोडा

आपल्याकडे गोल्फला येणारा जवळपास प्रत्येक माणूस लेकरू असल्यापासून टेनिस बॉलने क्रिकेट खेळलेला असतो. त्याचा खालचा हात जोरकस असतो आणि मनगट शेवटी वळतं. मिडविकेटला चौकार मारताना ते कामाचं आहे. पटमध्ये त्याच वळणाने फेस बंद होतो आणि बॉल होलच्या डावीकडून जातो. तीन-चार फुटांवरचे पट सतत डावीकडे चुकत असतील तर आधी खालच्या हातावर संशय घ्या.

दोन्ही अंगठे दांड्याच्या सपाट भागावर, सरळ खाली. तळवे एकमेकांसमोर. डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवर बाहेरून टेकलेली. ही झाली रूढ पकड. एवढं करूनही उजवं मनगट ऐकत नसेल तर हातांची अदलाबदल करा, डावा खाली, उजवा वर. पहिल्या आठवड्यात विचित्र वाटेल, लांबच्या पटचा अंदाज बिघडेल, पण क्रिकेटवाल्या हाताला आवरायला याच्यासारखा उपाय नाही. व्यावसायिक खेळाडूही मोठ्या संख्येने असं धरतात, त्यामुळे कोणी हसलं तरी बदलू नका.

दाब किती हे शब्दांत सांगणं कठीण. पट मारून झाल्यावर नखांचा रंग बघा. पांढरी पडली असतील तर फार घट्ट धरलंय.

५. सेलचं दार

आता मुख्य काम. सपाट ग्रीनवर बॉल ज्या दिशेने निघतो ती दिशा बहुतांशी टक्कर होताना फेस कुठे बघत होता यावर ठरते. पटर कोणत्या मार्गाने आला, याचा वाटा त्या मानाने फार थोडा असतो. त्यामुळे ‘सरळ मागे, सरळ पुढे’ की ‘हलकी कमान’ या वादात पडू नका. फेस चौकोनी, म्हणजे नेमाच्या रेघेला काटकोनात, आला की झालं.

किती चौकोनी? होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५४. दहा फुटांवरून फेस फक्त एक अंश चुकला तर बॉल होलपर्यंत जाईस्तोवर ५३ मिलिमीटर सरकलेला असतो, म्हणजे अगदी कडेवर. वेग मंद असेल तर तो कसाबसा पडेल, जरा जास्त असेल तर कड चाटून निघून जाईल. दहा फुटांवर तुमच्याकडे चुकायला एवढीच जागा आहे. डोळ्यांनी एक अंश दिसत नाही, म्हणून दार लागतं.

बॉलच्या पुढे ५० सेंटिमीटरवर दोन पेन्सिल सेल उभे करा, दोघांच्या मधली मोकळी जागा ६ सेंटिमीटर. बॉलचा व्यास ४२.७ मिलिमीटर असल्याने दोन्ही बाजूंना नऊ मिलिमीटरच्या आत जागा उरते. गणित केलं तर ती जवळजवळ बरोबर एक अंश भरते. म्हणजे सेल न पडता जो बॉल दारातून गेला, तो सपाट जागी दहा फुटांवरच्या होलमध्ये पडण्याच्या दिशेने निघालेला आहे. पुढे होल आहे की नाही, बॉल कुठे थांबला, याला काही महत्त्व नाही. पुढच्या टोकाला उशी टाका आणि विसरा. सेल पडला तर त्याचा आवाज येतो. डावा पडला की उजवा, एवढंच पाहायचं.

हे करताना तीन सापळे आहेत.

पहिला, दार लवकर लहान करण्याची घाई. सलग दहा बॉल सेलला न लागता गेले की मगच जागा साडेपाच सेंटिमीटर करा. पाच सेंटिमीटरपर्यंत पोचलात तर अर्ध्या अंशाच्याही आत आलात. त्यापुढे जायची गरज नाही.

दुसरा, आरंभीची नेम धरण्याची चूक. फेस मुळातच डावीकडे बघत असेल आणि हात उजवीकडे ढकलून भरपाई करत असतील, तर बॉल दारातून जातो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मैदानावर, तणावात, ही भरपाई बिघडते. म्हणून बॉलवर मार्करने एक रेघ मारा, बाटलीचं झाकण उलटं ठेवून कडेने काढली की सरळ येते. ती रेघ दाराच्या मध्यावर रोखा, पटर मागे ठेवा, आणि मारण्याआधी घरातल्या कोणाला तरी मागून बघायला सांगा की फेस रेघेला काटकोनात आहे का. कोणी नसेल तर मागे मोबाइल टेकवून चित्रीकरण करा. चांगला पट असेल तर घरंगळताना रेघ एकसंध दिसते. ती डगमगत गेली तर टक्कर मधोमध झालेली नाही.

तिसरा, मान वर करणं. बॉल दारातून जातोय का हे बघायची इतकी उत्सुकता असते की टक्कर व्हायच्या आतच डोकं उचललं जातं. त्याबरोबर डावा खांदा उघडतो आणि फेसही. सेल पडल्याचा आवाज कानांना कळतोच, मग बघायचं कशाला? बॉल निघून गेल्यावर त्याच्या जागी कारपेटवर केलेला खडूचा ठिपका दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत मान खाली.

टक्कर मधोमध होण्यासाठी उरलेले दोन सेल वापरा. पटरच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, टोकाला आणि टाचेला (तुमच्या पायांकडच्या बाजूला), बोटभर जागा सोडून ठेवा. पटर त्यांच्यामधून जायला हवा. टोकाकडे किंवा टाचेकडे लागलेला बॉल दिशाही सोडतो आणि वेगही, आणि वेग नेमका का कमी पडला हे तुम्हाला कळतही नाही. टायगर वूड्स सामन्याआधी दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवून हाच सराव उजव्या एका हाताने करतो. आपण दोन हातांनी केला तरी पुरे.

६. झोका

पटर मागे नेताना जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण निम्म्या वेळात तो खाली येऊन बॉलला लागतो. चांगल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण दोनास एक असं दिसतं, पट लहान असो वा मोठा. लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका लहान घेतला काय आणि मोठा घेतला काय, एक फेरी तेवढ्याच वेळात होते, तसंच. म्हणजे लांबच्या पटला जास्त जोर लावायचा नाही, पटर जास्त मागे न्यायचा. लय तीच.

मनात मोजा: ‘एक… दोन’ मागे जाताना, ‘तीन’ला टक्कर. मोबाइलवर तबल्याचा ठेका देणारं अॅप असेल तर ते लावून त्यावर करा. मला फिरंगी मेट्रोनोमपेक्षा ते बरं पडतं. खांदे हलवा, मनगटं नाहीत. काखेत एक-एक रुमाल दाबून धरला की हात अंगापासून सुटत नाहीत. रुमाल पडला तर हात एकटेच धावले.

पुढे जाताना पटर थांबवू नका. बॉलला टेकवून थांबणारा झटका हा नवख्यांचा खास दोष, विशेषतः दोन-तीन फुटांवर, ‘फार पुढे जाईल’ या भीतीने. मागे थोडं न्या, पण पुढे मोकळं जाऊ द्या.

७. तीन फुटांची शिस्त

अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतले खेळाडू तीन फुटांवरून जवळपास सगळे पट घालतात, आठ फुटांवरून साधारण निम्मे आणि वीस फुटांवरून सातातला एखादा. टीव्हीवर पंधरा-वीस फुटांवरून पडलेलेच बॉल दाखवतात, त्यामुळे आपला समज भलताच होतो. वीस फुटांवरून चुकल्याचं दुःख करू नका. तीन फुटांवरून चुकलं तर मात्र घरी काम बाकी आहे.

कारपेटवर खडूने १०८ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा आणि तीन फुटांवरून बॉल त्याच्या मधोमध जाईल असं बघा. रोज झोपण्याआधी, टीव्ही बंद करून. वीसपेक्षा जास्त मारू नका. त्यानंतर लक्ष उडतं आणि आपण वाईट पट पक्के करायला लागतो.

८. जायच्या आधीची चौकशी

प्रत्येक क्लबचे नियम वेगळे असतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करा. विचारायच्या गोष्टी: बाहेरच्यांना प्रवेश आहे का, की सोबत सभासद लागतो, ग्रीन फी (खेळायचं शुल्क) आणि कॅडीचे (सामान वाहणाऱ्या मदतनिसाचे) पैसे किती आणि कोणत्या वारी कमी, हँडिकॅप प्रमाणपत्र (तुमच्या खेळाचा दर्जा दाखवणारं) मागतात का, सराव ग्रीन कधी खुली असते. सोबत ओळखपत्र ठेवा. बहुतेक ठिकाणी कॉलरचा टी-शर्ट लागतो, जीन्स चालत नाही आणि लोखंडी स्पाइकचे बूटही चालत नाहीत. बीडहून पहाटे निघून गेटवर जीन्ससाठी अडलेली माणसं आहेत. वाहनात एक साधी पँट असू द्या.

टी-ऑफच्या, म्हणजे फेरीतल्या पहिल्या फटक्याच्या, तासभर आधी पोचाल असं निघा. तो तास पुढच्या पायरीसाठी लागणार आहे.

९. वेग: ग्रीनवर पोचल्यावर

सराव ग्रीनवर होलकडे बघूसुद्धा नका. आधी सपाट तुकडा शोधा. पटर उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मागे न्या आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पुढे, नेहमीच्या लयीत. तीन बॉल मारा आणि ते किती पावलं गेले ते मोजा. समजा सहा पावलं. मग आज या ग्रीनवर ‘अंगठा ते अंगठा’ म्हणजे सहा पावलं. आता पटर पायाच्या बाहेर वीतभर न्या आणि पुन्हा मोजा. हे दोन आकडे स्कोअरकार्डाच्या मागे लिहा. दिवसभर तुमच्याकडे मापाची पट्टी आहे.

मग शिडी. दहा, वीस, तीस, चाळीस फुटांवर एकेक टी ठेवा आणि प्रत्येक बॉल टीच्या पुढे, पण फूट-दीड फुटाच्या आत थांबवायचा प्रयत्न करा. लांबच्या पटमध्ये दिशेची चूक क्वचितच दोन फुटांपेक्षा जास्त होते. वेगाची मात्र सहा-सात फूट सहज होते, आणि एका ग्रीनवर तीन पट लागण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. होलपर्यंत न पोचलेला बॉल पडत नाही हे खरं, पण फार जोरात आलेल्या बॉलला होलही लहान होतो, कारण कडेवरून तो आत न पडता उडून जातो. फूटभर पुढे जाऊन थांबेल असा वेग ठेवला की होलची जवळजवळ पूर्ण रुंदी वापरता येते.

आपल्या हवामानातल्या ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचं गवत असतं, आणि त्याच्या पात्या एका दिशेला झुकलेल्या असतात. बॉलच्या मागे उभं राहून बघा. गवत चमकदार, फिकट दिसत असेल तर पात्या तुमच्यापासून दूर झुकल्यात, बॉल पळेल. गडद हिरवं दिसत असेल तर पात्या तुमच्याकडे, बॉल अडेल. होलची कड नीट पाहिली तर एका बाजूला ती खरखरीत, विस्कटलेली असते. गवत त्या बाजूला वाढतं. सकाळी कापलेली ग्रीन संध्याकाळी मंदावते, पावसाळ्यात तर फारच. दव असेल तर पहिल्या दोन-तीन होलना थोडं जास्त मागे न्या आणि ऊन चढल्यावर सकाळचा अंदाज मोडीत काढा.

१०. उतार वाचणं, थोडक्यात

ग्रीनवर येतानाच, लांबूनच, पाणी ओतलं तर कुठे जाईल असा विचार करा. जवळ गेल्यावर उतार दिसेनासा होतो. होलजवळच्या शेवटच्या तीन फुटांकडे जास्त लक्ष द्या, कारण तिथे बॉल मंद असतो आणि सगळ्यात जास्त वळतो. नवखे जवळजवळ नेहमी वळण कमी धरतात आणि बॉल खालच्या बाजूने निघून जातो. शंका असेल तर वरच्या बाजूला थोडं जास्त धरा. कॅडीला ‘कुठे मारू?’ असं विचारण्यापेक्षा ‘इथलं पाणी कुठल्या बाजूला जातं?’ असं विचारा. तो तिथे रोज असतो, पण तुमचा वेग त्याला माहीत नसतो, आणि वळण वेगावर अवलंबून असतं.

११. ग्रीनवरचे नियम जे नवख्याला नडतात

बॉल उचलण्याआधी मागे नाणं किंवा मार्कर ठेवा, नाहीतर एक फटका दंड. चुकून बॉल हलला तर दंड नाही, जागेवर परत ठेवा. २०१९पासून बुटांच्या खुणा आणि बॉलचे खड्डे दोन्ही दुरुस्त करता येतात, आणि झेंडा होलमध्ये ठेवूनही पट मारता येतो. लाइनच्या, म्हणजे बॉल होलकडे जायच्या रेषेच्या, दोन्ही बाजूंना पाय टाकून, विटी-दांडूसारखं समोरून मारू नका. अशा पद्धतीवर १९६८पासून बंदी आहे आणि दोन फटके जातात. २०१६पासून दांड्याचं टोक पोटाला किंवा छातीला टेकवून झोका घेणंही बंद आहे. होल खेळत असताना गवताचा अंदाज घ्यायला ग्रीनवर बॉल घरंगळवून किंवा हात घासून बघता येत नाही. दुसऱ्याच्या लाइनवर पाय न देणं आणि आपली सावली पडू न देणं हे नियमाच्या पुस्तकाआधी माणुसकीत बसतं.

१२. परत आल्यावर

कार्डावर प्रत्येक चुकलेल्या पटपुढे एकच अक्षर लिहायची सवय लावा: डा, उ, क (कमी पडला), ज (जास्त गेला). गाडीत बसल्यावर मोजा. सहा फुटांच्या आतल्या पटांत ‘डा’ आणि ‘उ’ जास्त असतील तर सेलचं दार पुन्हा लावा आणि पहिल्यांदा ६ सेंटिमीटरचंच. ‘डा’ फार असतील तर पकडीपासून सुरुवात करा. ‘क’ आणि ‘ज’ जास्त असतील तर घरी कारपेटवर काही करू नका. त्याऐवजी पुढच्या खेपेला अर्धा तास आधी निघा आणि तो अर्धा तास चाळीस फुटांच्या टीपाशी घाला.